मोरारजी पाटल्या

सोनं तपासायचं यंत्र तुम्ही पाहिलेलं असणार, पण त्याच्याकडे नीट बघितलेलं नसेल. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठल्याही बऱ्यापैकी सराफाच्या दुकानात शिरा. काउंटरच्या एका टोकाला एक करडी पेटी असते, प्रिंटर आणि मायक्रोवेव्ह यांच्या मधलं काहीतरी वाटावं अशी. दुकानदार तिला कॅरेटमीटर म्हणतो. दागिना आत ठेवायचा, झाकण लावायचं, अर्धा मिनिट थांबायचं. शेजारच्या स्क्रीनवर आकडे उमटतात: सोनं इतके टक्के, चांदी इतकी, तांबं इतकं. गिऱ्हाईक पहिला आकडा बघतं आणि लगेच आजचा भाव विचारतं.

त्या अर्ध्या मिनिटात आपल्या दागिन्याचा एक्स-रे निघत असतो. हाड मोडल्यावर काढतात तसा नाही. तिथे किरण आरपार जातात आणि पलीकडे सावली पडते. इथे किरण दागिन्यावर आदळतात आणि उत्तरादाखल दागिनाच स्वतःचे एक्स-रे बाहेर टाकतो. सोन्याचे वेगळे, तांब्याचे वेगळे, चांदीचे वेगळे. पूर्वी सोनार कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासायचा, रेघेवर ॲसिडचा थेंब टाकायचा आणि रंगावरून कस सांगायचा. ‘कसाला लागणं’, ‘कसोटीला उतरणं’, ‘बावनकशी’ हे सगळं आपल्या भाषेत त्या दगडावरून आलं. या पेटीवरून अजून एकही वाक्प्रचार तयार झालेला नाही. ‘त्याचा स्पेक्ट्रम बरोबर नाही’ असं कुणी स्थळ बघताना म्हणत नाही.

आमच्या घरात मात्र गेल्या दिवाळीनंतर महिनाभर दुसरा विषय नव्हता.

आजी २०२२ मध्ये गेली. शेवटची आठ वर्षं ती बोरिवलीला आत्याकडे होती, कारण मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेमध्ये तिच्या कॉटला जागा नव्हती आणि काकाच्या घरी लिफ्ट नव्हती. तिच्या मागे सोनं म्हणून राहिल्या त्या दोन पाटल्या, मिळून ४१ ग्रॅम. वारस तीन: बाबा, काका, आत्या. दोन पाटल्यांचे तीन भाग करायचे तर आधी किंमत कळायला हवी, म्हणून काका आणि बाबा त्या घेऊन घाटकोपरच्या एका दुकानात गेले. पेटीतून चिठ्ठी निघाली: सोनं ६१.३ टक्के.

२२ कॅरेट म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग सोनं, ९१.६ टक्के. हॉलमार्कवरचा ९१६ तो हाच. ४१ ग्रॅममध्ये तेवढं सोनं असतं तर साडेसदतीस ग्रॅम भरलं असतं. चिठ्ठीप्रमाणे ते पंचवीसच्या आसपास होतं. आजच्या भावात हा फरक लाखाच्या वर जातो. काका दुकानात काही बोलला नाही. रात्री फॅमिली ग्रुपवर त्याचा मेसेज आला: आईच्या पाटल्या बावीस कॅरेटच्या होत्या, आणि आठ वर्षं त्या कोणाकडे होत्या हे सगळ्यांना माहीत आहे.

आत्याच्या दोन निळ्या टिका दिसल्या. उत्तर आलं नाही.

बाबांनी मला सांगितलं, तू इंजिनिअर आहेस, तू बघ. सॉफ्टवेअर इंजिनिअरला फ्रिजपासून सोन्यापर्यंत सगळं कळतं अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. पण मला खरंच बघायचं होतं, कारण चिठ्ठीवरचा आकडा हा शेवटचा निकाल असतो, आणि निकालाच्या आत काय मोजलं हे कुणी विचारत नाही. मी पाटल्या घेऊन सोन्याचा टंच काढून देणाऱ्या एका छोट्या जागी गेलो. तिथल्या मुलाला विचारलं, आकड्यांच्या मागचा आलेख दाखवशील का? त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि स्क्रीनवरची दुसरी टॅब उघडली. आडव्या अक्षावर ऊर्जा, उभ्या अक्षावर मोजणी. बरीचशी सपाट जमीन आणि मधूनच सुळके.

हे सुळके कुठून येतात, यासाठी आधी पेटीच्या आत जाऊ. आत एक छोटी निर्वात नळी असते. एका बाजूला तापलेली तार, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. दुसऱ्या बाजूला धातूचा तुकडा. दोघांमध्ये चाळीस-पन्नास हजार व्होल्टचा दाब. इलेक्ट्रॉन सुसाट जाऊन त्या धातूवर आपटतात. त्यांची नव्याण्णव टक्के ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते, एक्स-रे बनवणं हा तसा फार उधळपट्टीचा धंदा आहे. उरलेल्यातला मोठा भाग असा: धातूतल्या अणूच्या केंद्राजवळून जाताना इलेक्ट्रॉनला ब्रेक लागतो, आणि गमावलेली ऊर्जा एक्स-रे म्हणून बाहेर पडते. कुणाला थोडा ब्रेक लागतो, कुणाला जोरात, म्हणून या किरणांत सगळ्या ऊर्जा मिसळलेल्या असतात. वरची मर्यादा मात्र पक्की. ५० हजार व्होल्टच्या नळीतून ५० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा जास्त ऊर्जेचा किरण निघणं शक्य नाही, कारण इलेक्ट्रॉनच्या खिशात त्याहून जास्त काही नसतंच. (यापुढे मी केईव्ही लिहितो.)

हे मिश्र किरण पाटलीवर पडतात आणि सोन्याच्या, तांब्याच्या अणूंच्या अगदी आतले इलेक्ट्रॉन उडवून लावतात. आत जागा रिकामी होते. पुढचं समजायला लोकलने प्रवास करणाऱ्याला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. घाटकोपरला मेट्रोसाठी खिडकीतला माणूस उठला की काय होतं? शेजारचा खिडकीत सरकतो. त्याच्या जागी तिसरा. चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने टेकलेल्याला अखेर नीट बसायला मिळतं. क्वचित तिसराच दुसऱ्याला ओलांडून थेट खिडकी पटकावतो. अणूतही असंच. सर्वात आतल्या कक्षेला के म्हणतात, पुढच्या एल, एम. एलमधला इलेक्ट्रॉन केमध्ये सरकला तर जो किरण बाहेर पडतो तो के-अल्फा. एमवाला उडी मारून थेट केमध्ये आला तर के-बीटा, ऊर्जा जास्त, पण घडतं कमी वेळा. फरक एवढाच की लोकलच्या बाकावर सरकणं थोडं इकडेतिकडे चालतं. अणूत प्रत्येक सरकण्याची ऊर्जा ठरलेली. तांब्याचा के-अल्फा ८.०५ केईव्ही. त्या तांब्याचं भांडं केलेलं असो, तार असो की साठ वर्षं हातात वापरलेली पाटली असो. अणूंच्या आपसातल्या सोयरिकी बाहेरच्या इलेक्ट्रॉनांमध्ये चालतात, आतल्या खोल्यांपर्यंत त्यांचा आवाज जवळपास पोचत नाही.

पहिल्या कक्षेला ए न म्हणता के का म्हणतात? चार्ल्स बार्कला या शास्त्रज्ञाने या किरणांच्या दोन जाती ओळखल्या तेव्हा त्याला वाटलं, याहून भेदक जाती पुढे सापडतील, त्यांच्यासाठी अक्षरं शिल्लक ठेवावीत. तशा काही सापडल्या नाहीत. शंभर वर्षांहून जास्त काळ सगळं जग केपासून मोजतंय. जुन्या कोडमध्ये कुणीतरी ‘पुढे लागेल’ म्हणून सोडलेल्या रिकाम्या ओळी जे साफ करत बसतात, त्यांना हे वाचून बरं वाटेल.

या सगळ्यात मला सर्वात जवळचा वाटतो तो हेन्री मोस्ली. १९१३ मध्ये मँचेस्टरला आणि मग ऑक्सफर्डला त्याने एकेका मूलद्रव्याचे हे ठरलेले किरण मोजले. नळीच्या आत छोट्या रुळांवर एक गाडी, गाडीवर वेगवेगळ्या धातूंचे तुकडे, दोरीने ओढून एकेक तुकडा इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली आणायचा. त्याला दिसलं की किरणांच्या वारंवारितेचं वर्गमूळ अणुक्रमांकाबरोबर सरळ रेषेत वाढत जातं. फोनवर करून बघा: तांब्याचा अणुक्रमांक २९. एक वजा करा, २८. वर्ग करा, ७८४. त्याला १०.२ ने गुणा. सुमारे ७,९९७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ८.० केईव्ही. खरा आकडा ८.०५. जड अणूंकडे जाल तसा फरक वाढतो, पण शाळेतल्या वहीवर मावणाऱ्या सूत्राने एवढं दिलं तर तक्रार कशाला करायची! तोवर अणुक्रमांक म्हणजे आवर्तसारणीतला नुसता हजेरी क्रमांक होता. मोस्लीमुळे तो मोजता येणारी गोष्ट झाला, आणि ४३, ६१, ७५ या बाकांवरची मुलं अजून वर्गात आलेली नाहीत हेही त्याने सांगितलं. त्याचा आलेख ॲल्युमिनियमपासून सुरू होऊन सोन्यापाशी संपतो. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत तो गोळी लागून मेला. वय २७. मी आता अठ्ठावीसचा आहे आणि माझ्या नावावर तीन डॅशबोर्ड आहेत.

तर पाटलीचा आलेख. ८ च्या जरा पुढे तांब्याचा उंच सुळका. २२ च्या आसपास चांदीचा. सोन्याचे दोन, ९.७ आणि ११.४ ला. हे सोन्याचे के-अल्फा नव्हेत. सोन्याच्या केमधला इलेक्ट्रॉन हलवायला ८०.७ केईव्ही लागतात आणि पेटीची ताकद ५० पर्यंतच. म्हणून पेटी सोन्याची ओळख त्याच्या दुसऱ्या कक्षेवरून, एलच्या सुळक्यांवरून, पटवते.

सुळक्यांच्या उंचीवरून टक्के काढणं हे मात्र त्रैराशिक नाही. सोन्याच्या स्वतःच्या किरणांची ऊर्जा इतकी असते की बाहेर पडता पडता ते शेजारच्या तांब्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन उडवतात. त्यामुळे तांबं आहे त्यापेक्षा जास्त बोलतं. तांब्याचा के-बीटा ८.९ ला आणि जस्ताचा के-अल्फा ८.६ ला, दोघे जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे. कॅडमियम २३.२ ला, चांदीच्या शेजारी. स्वस्त पेटीतल्या डिटेक्टरला हे जोडीदार वेगळे दिसत नाहीत, एकच फुगवटा दिसतो, आणि त्यातून कोण किती हे सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणजे चिठ्ठीवरच्या दशांश चिन्हानंतरच्या अंकामागे माझ्यासारखाच कुणीतरी बसलेला असतो. हे मला अजिबात दिलासादायक वाटत नाही.

काकाचा पहिला संशय मुलाम्याचा होता. त्यात तथ्य असू शकलं असतं, कारण पेटीची नजर फार उथळ आहे. सोन्यातून १० केईव्हीच्या आसपासचे किरण फार तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या खोलीतून बाहेर येतात. खाली पितळ असलं आणि वर पुरेसा जाड मुलामा असला तर पेटी सोनंच सांगेल. म्हणूनच हॉलमार्किंगमध्ये शेवटचा शब्द या पेटीचा नसतो. दागिन्यातून थोडं सोनं काढून ते शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत घालतात. शिसं हलक्या धातूंना घेऊन मुशीत जिरतं, उरलेल्या मण्यातली चांदी नायट्रिक ॲसिडने विरघळवतात आणि राहिलेलं सोनं तोलतात. अग्निपरीक्षाच ती. पण त्यासाठी पाटलीचा तुकडा काढावा लागला असता, आणि ते कुणालाच नको होतं.

मुलाने तोडगा काढला. पाटलीच्या आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, कानशीने हलकेच घासून तिथे मोजायचं. दोन्ही पाटल्यांवर दोन-दोन ठिकाणी. चार आकडे आले: ५८.१, ५८.३, ५८.२, ५८.२. पृष्ठभागावर ६१, आत ५८. काका फोनवर म्हणाला, बघ, वर वेगळं आणि आत वेगळं. पण मुलाम्याची उडी अशी तीन टक्क्यांची नसते. दागिना झाळून झाला की सोनार तो उजळायला ॲसिडमध्ये टाकतो. ॲसिड वरच्या थरातलं तांबं खातं, सोन्याला हात लावत नाही, म्हणून वरचं कातडं जरा श्रीमंत दिसतं. आत मात्र चारही ठिकाणी एकच मिश्रण. कॅडमियमचा, जस्ताचा मागमूस नाही. फक्त सोनं, तांबं, चांदी, आणि तांबं भरपूर.

मला बोचत होता तो ५८.२. चोरी करणारा माणूस पितळेवर मुलामा देईल, नाहीतर बाजारात सहज मिळतं ते १८ कॅरेट वापरेल. इतक्या नेमाने ५८ वर कोण थांबेल? चौदा भागिले चोवीस करून बघितलं. ५८.३. चौदा कॅरेट. आणि मग आजी त्या पाटल्यांना काय म्हणायची ते आठवलं.

ती त्यांना ‘मोरारजी पाटल्या’ म्हणायची. शिंदेशाही तोडे असतात, कोल्हापुरी साज असतो, तसा हा नक्षीचा एखादा प्रकार असणार असं आमच्या घरात सगळेच धरून चालले होते. काकूने तर एकदा सराफाकडे मोरारजी डिझाइन मागितलंही होतं.

जानेवारी १९६३. चीनबरोबरचं युद्ध नुकतंच संपलेलं, परकीय चलनाची चणचण, सोन्याची तस्करी जोरात. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले, आणि त्यात १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने बनवायला बंदी घातली. कल्पना अशी की लाल, कडक, कमी सोन्याचे दागिने लोकांना आवडेनासे होतील आणि सोन्याचा मोह सुटेल. मोह सुटला नाही. सोनारांवर मात्र उपासमारीची पाळी आली. बावीस कॅरेटचे दागिने लपूनछपून होत राहिले, आणि काही वर्षांत ती अट मागे घ्यावी लागली. सोन्यावरचं नियंत्रण मात्र १९६८ च्या कायद्याने चालू राहिलं, तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

आजीचं लग्न मे १९६३ मधलं.

मी आत्याला फोन केला. ती आधी फार वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, हे मला सांगायचं नव्हतं असं नाही, पण मी काय म्हणून सांगायचं? मग हळूहळू बोलली. आजीचे वडील चिपळूणजवळच्या गावात शाळामास्तर. गावातल्या दोन लग्नांत सोनाराने रात्री दार लावून बावीस कॅरेटचं करून दिलं होतं. मास्तरांनी नाही म्हटलं. कायदा म्हणजे कायदा. पाटल्या चौदाच्या झाल्या, लालसर निघाल्या, आणि सासरी पहिल्याच सणाला कुणीतरी विचारलं, तांब्याच्या का गं? आजी त्या रिठ्याच्या पाण्याने घासायची ते तेवढ्यासाठी. तांबं जास्त असलं की काळवंडतं. पण तांब्यामुळेच त्या कडक होत्या. बावीसच्या पाटल्या घरकामात चेपतात, यांना साठ वर्षांत पोचा आला नाही.

आणि मग तिने १९८२ ची गोष्ट सांगितली. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आजोबा लालबागच्या एका गिरणीत होते. वर्षभरात आजीची मोहनमाळ गेली, बोरमाळ गेली, नथ गेली. पाटल्याही सराफाकडे नेल्या होत्या. त्याने दगडावर घासून बघितल्या, भाव सांगितला, आणि आजी त्या परत हातात घालून घरी आली. तेवढ्या पैशांत एक महिनासुद्धा निघाला नसता. आज वाटण्यासाठी आमच्याकडे काही आहे ते कमी कसाचं होतं म्हणूनच आहे. काका तेव्हा सात वर्षांचा. त्याला त्या वर्षातलं आठवतं ते एवढंच, की गणपतीला नवे कपडे आले नव्हते.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. आलेखाचा फोटो टाकला, त्यावर लाल बाण काढून. मला माहीत आहे की आलेखाने आत्याची बाजू सिद्ध होत नाही. त्यात वर्ष लिहिलेलं नसतं, हात कुणाचे ते नसतं. त्यात फक्त २९, ४७ आणि ७९ क्रमांकाचे अणू असतात. पण चौदा कॅरेट, १९६३ आणि आजीच्या तोंडचं नाव या तीन गोष्टी एका ओळीत आल्यावर बाबा म्हणाले, पुरे.

दरम्यान मी अंधेरीच्या एका मॉलमध्ये सहज दागिन्यांच्या काउंटरपाशी थांबलो. नाजूक साखळी, छोटा हिरा, खाली ठसा: १४ कॅरेट, ५८५. ऑफिसात रोज घालायला छान, कडक असतं, खराब होत नाही, असं तिथली मुलगी मनापासून सांगत होती. आता तर ९ कॅरेटलाही हॉलमार्क मिळतो. मोरारजींना जे सक्तीने जमलं नाही ते सोन्याच्या भावाने आणि ईएमआयने करून दाखवलं. आमच्या पिढीतल्या मुली हौसेने लाल सोनं घेतात आणि त्याला ‘रोज गोल्ड’ म्हणतात. आजीच्या सासरचं ते माणूस आज असतं तर काय म्हणालं असतं कोण जाणे.

काकाने आपला जुना मेसेज डिलीट केला. ग्रुपवर आता तिथे ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढंच दिसतं, आणि तिथे काय होतं ते सर्वांना पाठ आहे. त्याने आत्याला फोन केला की नाही, मी विचारलेलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आत्या मुलुंडला आली नाही, गुडघ्याचं कारण सांगितलं. वाटणी अजून झालेली नाही. विकून पैसे तिघांत करायचे असं ठरलं होतं, पण वितळवायचं म्हटल्यावर आता काकाच थांबू या म्हणतो. पाटल्या बोरिवलीला आत्याच्या लॉकरमध्ये आहेत. लॉकरच्या वर्षाच्या भाड्यातला एक तृतीयांश त्याने तिला न विचारता जीपे केला, आणि तिने तो ठेवून घेतला.